'खरेदी उद्यापासून बंद' : एका कात्रणाचं प्रकरण

२०२५ च्या जानेवारीत, संक्रांत होऊन गेल्यावर, यवतमाळ जिल्ह्यातल्या कळंब-राळेगाव पट्ट्यातल्या एका गावात संध्याकाळी साडेसातच्या सुमारास व्हॉट्सॲपवर वर्तमानपत्राचं एक कात्रण येऊन पडलं. मथळा होता, 'सीसीआयची कापूस खरेदी उद्यापासून बंद'. सीसीआय म्हणजे हमीभावानं कापूस घेणारं केंद्र सरकारचं भारतीय कापूस महामंडळ. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत तीन घरांचा कापूस खेडा खरेदीवाल्याच्या, म्हणजे गावात येऊन माल उचलणाऱ्या व्यापाऱ्याच्या, गाडीत भरून गेला होता. खरेदी बंद झालेलीच नव्हती. गंमत म्हणजे कात्रणही बनावट नव्हतं. ती बातमी खरोखर छापून आली होती, फक्त आदल्या हंगामात.

मी तालुक्यातून शेतीच्या आणि बाजार समितीच्या बातम्या पाठवतो. त्यामुळे "भाऊ, हे खरं हाय का?" असा फोन रोजचाच. असल्या फोनांचं कोणी प्रकरण करत नाही. हे लिहून काढलं ते एवढ्यासाठी, की बातमी शिळी असल्याचं त्या गावातल्या एका घरात अर्ध्या तासात कळलं होतं आणि गावाला कळायला दुसऱ्या दिवसाचे अकरा वाजले. मधल्या वेळात काय झालं, ते मी त्या घरांत बसून विचारत गेलो. गावाचं आणि माणसांची नावं देत नाही.

आधी कापसाचं सांगायला हवं, नाहीतर ही घाई समजणार नाही. २०२४-२५ च्या हंगामाला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७५२१ रुपये होता, मध्यम धाग्याचा ७१२१. खासगीत भाव त्याच्या बराच खाली, आणि व्यापारी गावात येऊन दारातून उचलतो तेव्हा आणखी खाली. त्यामुळे सगळ्यांचे डोळे सीसीआयकडे. पण तिथं माल घालायचा तर पीकपेऱ्याची नोंद असलेला सातबारा लागतो, आधारला जोडलेलं बँक खातं लागतं, गाडी भाड्यानं करावी लागते, जिनिंगसमोर, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यासमोर, रांगेत थांबावं लागतं. ओलावा आठ टक्क्यांवर गेला की भाव कापतात आणि बारावर गेला तर गाडी परत. पैसे काही दिवसांनी खात्यात येतात, आणि खात्यात आले की बँक कर्जापोटी वळते करून घेईल ही धास्ती असतेच. व्यापारी काट्यावरच रोख मोजतो. तेव्हा कमी भावात विकणारा माणूस अडाणी असतो, असं शहरात बसून कोणी म्हणू नये. तो भाव आणि भरवसा यांचा हिशेब करत असतो.

त्यात कापूस घरात ठेवणं हीच एक शिक्षा. समोरच्या खोलीत आढ्यापर्यंत गंजी लावलेली, पोरं त्यावरच झोपतात, अंगाला खाज सुटते, उंदीर होतात, आणि चुलीची एखादी ठिणगी उडाली तर काय, ही भीती रात्रभर. जानेवारीपर्यंत घरातल्या बाईला तो कापूस कधी एकदा जातो असं झालेलं असतं.

आणि खरेदी अधूनमधून बंद पडते हे तर खरंच आहे. जिनिंगच्या आवारात कापूस आणि सरकी ठेवायला जागा उरत नाही, मग दोन-चार दिवस थांबवतात. कधी सलग सुट्ट्या येतात. म्हणजे 'उद्यापासून बंद' ही बातमी या भागात केव्हाही खरी असू शकते. खोट्या बातमीला यापेक्षा चांगली जमीन कोणती लागते?

कात्रण मी नंतर नीट पाहिलं. मथळा, त्याखाली दोन स्तंभांचा मजकूर, भाषा अगदी वार्ताहराची. शुद्धलेखनाची चूक नाही, उद्गारचिन्हांची रांग नाही. फोटो वरून कापलेला, त्यामुळे पानाचा माथा, पेपरचं नाव आणि तारीख गेलेली. खाली कोणीतरी टाइप केलेली ओळ होती, 'सर्व शेतकरी बांधवांपर्यंत पोहोचवा'. खोट्या बातम्या ओळखायच्या ज्या खुणा शाळांतून आणि पोलिसांच्या पत्रकांतून सांगितल्या जातात, त्यांतली, ही ओळ सोडली तर, इथं एकच होती, ती म्हणजे नसलेली तारीख. जे दिसतं त्यावर बोट ठेवता येतं. जे कापून टाकलंय ते बघायला सवय लागते.

गावानं हे कशावरून खरं मानलं, ते ऐकण्यासारखं आहे.

पहिलं, पाठवणारा. गावच्या ग्रुपवर कात्रण टाकलं ते माजी सरपंचांनी. सगळे त्यांना काकाजी म्हणतात. माणूस सरळ, दोनदा निवडून आलेला, कोणाच्या सातबाऱ्याचं काम असो की दवाखान्याचं, धावून जाणारा. "काकाजीनं टाकलं म्हणजे पाहूनच टाकलं असन," हे मला वेगवेगळ्या घरांत जवळपास याच शब्दांत ऐकायला मिळालं. ही पद्धत मूर्खपणाची नाही. गावात बातमी नेहमी माणसावरूनच तोलली जाते, कारण पूर्वी बातमी आणणारा स्वतः तालुक्याला जाऊन आलेला असायचा. त्यानं गाड्या परत फिरलेल्या डोळ्यांनी पाहिलेल्या असायच्या. आता काकाजींनी काहीच पाहिलेलं नव्हतं. त्यांना ते पुसदला राहणाऱ्या भाच्यानं पाठवलं होतं, भाच्याला आणखी कोणी. गावानं काकाजींच्या नावावर विश्वास ठेवला आणि माल मात्र भलत्याचाच होता.

दुसरं, छापील कागद. ग्रुपमधले कितीतरी जण एरवी म्हणतात की मोबाईलवरचं काही खरं नसतं. पण मोबाईलवर पेपरचा फोटो आला की तो मोबाईल राहत नाही, पेपर होतो. एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं मला सुनावलं, "पेपरात आलं ना बाप्पा, आता अजून काय पाह्यतं?"

तिसरं कारण मला सर्वांत बोलकं वाटलं. कात्रण त्या संध्याकाळी तीन ग्रुपांवर आलं. गावच्या, एका सोसायटीच्या आणि भजनी मंडळाच्या. तिन्हीकडे एकच फोटो, कापलेला तोच माथा. पण माणसांनी ते तीन साक्षीदार धरले. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा कानावर पडली की ती खरी वाटू लागते, हे हॅशर, गोल्डस्टीन आणि टोपिनो या मानसशास्त्रज्ञांनी १९७७ साली दाखवून दिलं होतं. त्यांनी विद्यार्थ्यांना दोन-दोन आठवड्यांच्या अंतरानं तीनदा विधानं ऐकवली होती. इथं एवढा वेळही लागला नाही. जेवणं होईपर्यंत काम झालं.

व्हॉट्सॲपची दुहेरी बाणाची खूण याच कामासाठी आहे. मेसेज पाच किंवा जास्त हातांतून फिरून आला की ती दिसते, म्हणजे जरा जपून. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. त्याच महिन्यात कंपनीनं भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करण्याची मर्यादा घातली. दुहेरी बाण त्यानंतर पुढच्या वर्षी आला. भजनी मंडळाच्या ग्रुपवर तो दिसत होता. त्याचा अर्थ काय लावला गेला? "एवढ्या लोकायनं पाठवलं, सगळे काय येडे हायत का?" इशाऱ्याची पाटी शिफारसपत्र म्हणून वाचली गेली. आणि गावच्या ग्रुपवर तर बाणच नव्हता, कारण काकाजींनी फोटो गॅलरीत जतन करून नव्यानं टाकला होता. असं केलं की खूण पुसली जाते.

शोधणारेही होते, बरं का. डिप्लोमा केलेल्या एका पोरानं गुगलवर टाकलं, 'सीसीआय कापूस खरेदी बंद'. निकालांचा ढीग आला. यूट्यूबचे लाल-पिवळे फोटो, 'मोठी बातमी', 'खरेदी थांबली', 'शेतकरी हवालदिल'. निरनिराळ्या सालांतले, निरनिराळ्या केंद्रांचे. 'बंद' विचारलं तर 'बंद'च मिळणार. तो पडताळा करायला गेला आणि पक्का होऊन परतला. ग्रुपवर त्यानंच लिहिलं, 'मी चेक केलं, खरं आहे.' माझ्या मते त्या रात्रीचा सर्वांत महागात पडलेला मेसेज तो होता. त्यानंतर दोन घरांनी व्यापाऱ्याला फोन लावले.

आता त्या अर्ध्या तासातल्या घराकडे येतो.

घरी अठरा क्विंटल कापूस. सासरे, सासू, मुलगा, सून. सून बी. ए. झालेली, बचत गटाचा हिशेब तीच लिहिते आणि घरच्या शेतीचाही. सासऱ्यांनी फोन तिच्यासमोर धरला, "वाच तं काय म्हनते." तिनं मथळा वाचला नाही, थेट मजकुरात गेली, कारण तिला केंद्राचं नाव हवं होतं. चौथ्या-पाचव्या ओळीत होतं, '७०२० रुपये हमीभावाने सुरू असलेली खरेदी'. ती थांबली. दाराच्या मागे टांगलेल्या कॅलेंडरवर तिनंच दिवाळीत पेनानं लिहून ठेवलं होतं, कापूस ७५२१. "मामाजी, हा यंदाचा भाव नाही जी. सत्तरशे वीस मागच्या साली होता."

झालं. ना इंटरनेट, ना प्रशिक्षण. कात्रणाचा माथा कापणाऱ्यानं तारीख काढून टाकली होती, पण या भागात भाव हीच तारीख असते. २०२३-२४ चा ७०२०, पुढच्या वर्षीचा ७५२१. भाव आणि भाडं, ओलावा आणि कटती, हे आकडे ज्याच्या हातून रोज जातात त्याला तो ७०२० खड्यासारखा लागतो. गावात असे आकडे पाठ असलेली माणसं पुष्कळ होती. पण त्यांनी मथळा वाचला, पाठवणाऱ्याचं नाव वाचलं आणि आत गेलीच नाहीत.

अमेरिकेत सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू या शिक्षण-संशोधकांनी इतिहासाचे पीएचडी झालेले अभ्यासक, स्टॅनफर्डचे विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्य-तपासनीस यांना अनोळखी संकेतस्थळं तपासायला बसवलं होतं. अभ्यासक आणि विद्यार्थी पानावरच रेंगाळले, त्याची मांडणी आणि भाषा बघत राहिले. तपासनीस लगेच पानाबाहेर पडले आणि दुसरीकडे त्या संस्थेबद्दल काय लिहिलंय ते पाहून आले. बाहेर पडणं चांगलंच, पण डिप्लोमावाला पोरगाही बाहेर पडला होता. काय विचारायला बाहेर पडलो यावर सगळं असतं. सून बाहेर न पडता जिंकली, कारण बाहेरचं तिनं आधीच कॅलेंडरवर लिहून ठेवलं होतं.

नवऱ्यानं मला फोन केला तेव्हा साडेनऊ वाजले होते. कात्रण पाठवलं, भावाचं सांगितलं. मी खरेदी केंद्रावर काम करणाऱ्या ओळखीच्या माणसाला उठवलं. तो वैतागून म्हणाला, "उद्या गाड्या घेणार आहोत, कोन म्हनते बंद?" दहाच्या आत उत्तर नवऱ्याच्या हातात होतं. मी त्याला म्हणालो, टाक ग्रुपवर.

त्यानं टाकलं नाही. म्हणजे टाकलं, आणि मिनिटाभरात सगळ्यांसाठी डिलीट केलं. ग्रुपवर मेसेज काढून टाकल्याची खूण तेवढी राहिली. ती पाहून दोघा-तिघांना वाटलं की खरेदी बंदचंच काहीतरी जास्तीचं होतं आणि ते दडवलं.

नंतर मी त्याला छेडलं तेव्हा तो जरा चिडलाच. "काकाजीच्या मेसेजखाली म्या लिहू का, का हे खोटं हाय म्हणून? उद्या त्यायच्याच दारात जा लागते ना मले." हे वाक्य या प्रकरणाचा गाभा आहे असं मी मानतो. खोटं ओळखणं त्या घरात झालं होतं. अडलं ते बोलण्यापाशी. ज्या बाईनं ओळखलं ती ग्रुपमध्येच नव्हती, तिथं दीडेकशे पुरुष आणि दोन अंगणवाडी सेविका. ज्याच्या हातात फोन होता तो वयानं लहान, नात्यानं काकाजींचा लांबचा पुतण्या. आणि मी, ज्याला बोलायला काही अडचण नव्हती, त्या ग्रुपचा सदस्य नव्हतो.

आपल्याकडे खोट्या बातम्यांवर उपाय म्हणून प्रशिक्षणाचं नाव पहिलं निघतं. राज्यशास्त्राच्या अभ्यासक सुमित्रा बद्रीनाथन यांनी २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या काळात बिहारमध्ये बाराशेहून जास्त लोकांवर तासाभराच्या प्रशिक्षणाचा प्रयोग केला. खोटी बातमी ओळखण्याच्या क्षमतेत सरासरीनं लक्षणीय फरक पडला नाही. त्यांनी आणि सायमन शोशार यांनी भारतातल्या लोकांवर केलेल्या दुसऱ्या प्रयोगात उलट असं दिसलं, की व्हॉट्सॲपवरच्या संभाषणात दुसऱ्या कोणी नुसतं 'हे खरं वाटत नाही' म्हटलं तरी वाचणाऱ्याचा विश्वास कमी होतो, आणि त्या टोकणाऱ्यानं पुरावा जोडला की नाही यानं फारसं बिघडत नाही. म्हणजे त्या रात्री पुतण्याची एक ओळ, कशीही लिहिलेली, उपयोगी पडली असती. पण प्रयोगातल्या टोकणाऱ्याला सकाळी कोणाच्या दारात जायचं नसतं.

शासन निर्णयाची अफवा असती तर सोपं होतं, हे जाता जाता. कर्जमाफीचा म्हणून एखादा 'जीआर' फिरतो तेव्हा त्याच्या शेवटी अठरा आकडी संकेतांक असतो. पहिले आठ आकडे तारखेचे. तो शासनाच्या संकेतस्थळावर टाकला की खरा असेल तर कागद निघतो. आकड्याकडे बोट दाखवलं की कोणाचा अपमान होत नाही. बाजाराच्या बातमीला असा आकडा नसतो. म्हणून तिथं माणसाच्याच तोंडावर 'खोटं' म्हणावं लागतं.

सकाळी गाठ सोडवली ती सासऱ्यांनी. ते आणि काकाजी एकाच वर्गातले. आठच्या सुमारास ते काकाजींकडे गेले, चहा झाला, तुरीच्या शेंगांवरच्या अळीचं बोलणं झालं. मग कात्रण उघडून ते म्हणाले, "यात भाव कोणता लिवला पाह्य ना गड्या. माह्या चष्म्यानं दिसत नाही." काकाजींनी मोठ्यानं वाचलं, सत्तरशे वीस. वाचता वाचताच त्यांच्या लक्षात आलं. काही बोलले नाहीत, फोन उचलून केंद्रावर लावला. खातरजमा झाल्यावर अकराला त्यांनी स्वतः ग्रुपवर टाकलं: 'काल मी टाकलेली बातमी मागच्या वर्षीची आहे. खरेदी चालू आहे. ज्यांना न्यायचा त्यांनी माल न्या.' अर्ध्या तासात गावातली चर्चा संपली. खोट्याला जो रस्ता मिळाला होता तोच खऱ्यालाही मिळाला, पण पंधरा तास उशिरा.

पहाटे गेलेल्या तीन घरांचं काय? एकाला दवाखान्यासाठी रोख हवीच होती. तो म्हणतो, बातमी आली नसती तरी आठवड्यात विकलाच असता. दुसऱ्यानं आकडा सांगायला नकार दिला. तिसरं घर एका विधवा बाईचं, अकरा क्विंटल. व्यापारी आदल्या दिवशी ६८०० म्हणत होता, रात्री फोनवर ६६०० झाला. "उद्या बंद झाल्यावर कोन घेते?" असं तो म्हणाला. बहात्तर हजार सहाशे रोख हातात आले. त्या आठवड्यात सीसीआयला गेलेल्या गावातल्या मालाला प्रतवारी आणि ओलाव्याची कपात जाऊन ७४०० च्या आसपास पडले. म्हणजे अकरा क्विंटलमागे आठ हजार आठशेचा फरक. गाडीभाडं दीड हजार धरून वजा केलं तरी सात हजारांच्या वर. वेचणीचा दर किलोला दहा रुपये धरला तर तिच्या त्या कापसाच्या वेचणीलाच अकरा हजार लागले होते. सातबारा अजून सासऱ्याच्या नावावर असल्यानं सीसीआयला माल घालणं तिला तसंही अवघड गेलं असतं, हेही खरं. पण त्या रात्री तिनं हा विचार केला नव्हता, तिनं 'बंद' एवढंच ऐकलं होतं.

आता गाव म्हणतं, हे व्यापाऱ्यानंच केलं. पारावर कोणालाही विचारा, कोणाच्या मनात शंका नाही. पुरावा विचारला तर "फायदा कोनाचा झाला?" एवढंच उत्तर. फायदा त्याचा झाला हे खरं आणि रात्रीतून त्यानं दोनशे उतरवले हेही खरं. पण कात्रण पुसदहून आलं, त्याच्या आधी कुठून ते कोणालाच सांगता येत नाही. त्याच दिवशी ते आणखी कितीतरी तालुक्यांत फिरत असेल, जिथं हा व्यापारी जातही नाही. कोणीतरी जुनी फाइल चाळताना काळजीपोटी पुढं ढकललं असण्याचीही तेवढीच शक्यता आहे. 'व्यापाऱ्यानं केलं' ही बातमीही गावानं तशीच तोललीय, जशी पहिली तोलली होती. पटण्यासारखी आहे, तीन ठिकाणी ऐकली, आणि सांगणारे आपले आहेत. मी हे पारावर म्हणून पाहिलं. कोणाला आवडलं नाही.

ग्रुपच्या ॲडमिननं नंतर नियम केला की कात्रण टाकायचं तर तारखेसकट पूर्ण पान दिसलं पाहिजे. महिनाभर चालला. मग कोणीतरी पीकविम्याचं अर्धं पान टाकलं, कोणी हटकलं नाही आणि नियम तिथंच राहिला. टिकलं ते वेगळंच. पुतण्या आता दर सोमवारी केंद्राचा भाव आणि खरेदी सुरू की बंद हे ग्रुपवर टाकतो. कोणाला खोटं पाडावं लागत नाही, आधीच लिहिलेलं असतं. मजकूर सून तयार करून देते, फोन करून खात्रीही तीच करते. तिला ग्रुपमध्ये घ्या, असं मी ॲडमिनला दोनदा सुचवलं. "घेऊ ना भाऊ, पाहू," म्हणाला. अजून घेतलेलं नाही.